प्रवरेच्या उगमाकडे, भर पावसात

नगर जिल्ह्याचं नाव काढलं की बहुतेकांना दुष्काळ आठवतो. पाण्याचे टँकर, चारा छावण्या, कुसळांनी भरलेले माळ. क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा, आता कागदोपत्री अहिल्यानगर, बहुतांशी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. त्यामुळे हे चित्र खोटं नाही, पण अपुरं आहे. जिल्ह्याच्या अगदी पश्चिम टोकाला घाटघर आणि रतनवाडी ही गावं आहेत. तिथे चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. संगमनेरला वर्षाकाठी जेमतेम चारशे-साडेचारशे मिलिमीटर. आणि या दोन्हींमधलं रस्त्याचं अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास.

एवढ्या थोड्या अंतरात पाऊस दहापट कसा होतो, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं असतं. मोटारीनं जाताना काचा वर असतात, वायपर चालू असतो आणि बदल कुठे झाला ते कळतच नाही. सायकलवर मात्र तो अंगावर येतो. जुलैच्या शेवटी संगमनेरहून भंडारदऱ्याला सायकलनं जायचं ठरलं ते यासाठीच. वाट कोल्हार-घोटी रस्त्याची, साठेक किलोमीटरची, आणि सगळी प्रवरा नदीच्या उलट दिशेनं वर चढणारी.

गट चांगला जमला होता. पुण्याच्या दोन कॉलेजच्या मुली, नाशिकहून पंढरपूरची सायकल वारी केलेले काही जण, एक निवृत्त मुख्याध्यापक, आणि संगमनेरजवळच्या एका गावचे टोमॅटो पिकवणारे एक शेतकरी भाऊ. वाटभर पिकांबद्दल जे जे कळलं, ते निम्मं या भाऊंमुळे. मागे सामानाचा टेम्पो होता. निघण्यापूर्वी गटप्रमुखांनी पावसाचे नियम पुन्हा सांगितले. कोरड्या रस्त्यावर पुढच्याच्या चाकाला चाक लावून चालवतो तसं चालवायचं नाही, मध्ये निदान दोन सायकली मावतील एवढी जागा ठेवायची. मागच्या चाकाला मडगार्ड नसेल तर रांगेत शेवटी राहायचं, कारण त्या चाकावरून उडणारा चिखल थेट मागच्याच्या डोळ्यांत जातो. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि शेतातून ट्रॅक्टरनं आणलेल्या मातीवर ब्रेक दाबायचा नाही. दिवे दिवसाही चालू ठेवायचे.

संगमनेर प्रवरा आणि म्हाळुंगीच्या संगमावर वसलेलं गाव. सकाळी आभाळ भरलेलं होतं, पण रस्ता कोरडा. दोन्ही बाजूंना जे दिसत होतं ते बागायतीचं शेत: तारा आणि बांबूंवर चढवलेला टोमॅटो, गुरांसाठी गिन्नी गवत, मुरघासासाठी दाट पेरलेला मका, कुठे ऊस. त्याच्या अधेमधे पावसावरची बाजरी आणि सोयाबीन. बाजरी घोट्याच्या थोडी वर आली होती आणि पानं दुपारच्या आधीच सुरळी करू लागली होती. दूध संकलन केंद्रांसमोर मोटारसायकलींना कॅन अडकवलेली माणसं उभी होती. या पट्ट्याचं रोजचं चलन दुधाचं आहे. बांधावर शेळ्या दिसल्या की भाऊ ओळख करून द्यायचे, कारण संगमनेरी ही शेळीची स्वतंत्र, मान्यता असलेली जात आहे. दूध आणि मांस दोन्हींसाठी पाळली जाणारी.

"आमच्याकडं पाऊस म्हणजे ढगांची नुसती ये-जा," भाऊ म्हणाले. "जुलै लागला की आमचं सगळं लक्ष वर. भंडारदऱ्यात किती आलं, घाटघरला काल किती पडला, हेच बघायचं. आमचं शेत इथं, पण आमचा पाऊस तिकडं पडतो."

त्यांचं हे शेवटचं वाक्य पुढे दिवसभर सोबत राहिलं. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या तालुक्यांतली कित्येक गावं अशीच दुसऱ्याच्या आभाळावर जगतात. ओझर बंधाऱ्यापासून प्रवरेचे डावे-उजवे कालवे निघतात आणि घाटमाथ्यावर पडलेलं पाणी शंभरेक किलोमीटर खालच्या उसाला पोचतं. त्याच पाण्याच्या भरवशावर लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं, सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० मध्ये तो सुरू झाला. महाराष्ट्राच्या सहकारी साखर कारखानदारीची ती सुरुवात.

कळस गावाच्या आसपास भुरभुर सुरू झाली, आणि तिच्याआधी वारा. पावसाळ्यात इकडे वारा पश्चिमेकडून येतो आणि आम्ही नेमके पश्चिमेला निघालेलो. पेडल मारणं थांबवलं तर सपाटीवरही सायकल थांबायची. अशा वेळी गटाचा उपयोग कळतो. पुढे जाणारा वारा अंगावर घेतो, मागच्यांना आडोसा मिळतो, आणि थोड्या वेळानं पुढचा बाजूला होऊन मागे जातो. पावसासाठी अंतर वाढवल्यामुळे हा आडोसा थोडा कमी झाला होता, तरी मुख्याध्यापक सर त्यांच्या पाळीला एकदाही चुकले नाहीत.

अकोले येईपर्यंत भुरभुरीचा पाऊस झाला होता. प्रवरेच्या काठी इथे अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. ज्या ऋषींनी समुद्र पिऊन टाकला अशी कथा सांगतात ते हेच. महाशिवरात्रीला इथे मोठी गर्दी असते, त्या दिवशी देवळात आम्ही आणि पाऊस एवढेच होतो. तालुक्याच्या साखर कारखान्यालाही अगस्तींचंच नाव आहे. अकोले हा आंदोलनांचाही तालुका आहे. एप्रिल २०२३ मध्ये शेतकरी, शेतमजूर आणि आदिवासी याच रस्त्यानं, अकोल्याहून लोणीच्या दिशेनं, जमिनीच्या, दुधाच्या भावाच्या आणि घरांच्या मागण्या घेऊन पायी निघाले होते. भर उन्हाळ्यात, आमच्या उलट दिशेनं.

अकोल्याच्या पुढे रस्ता खऱ्या अर्थानं चढू लागतो. विठे घाट फार मोठा नाही, पण समोरून वारा, वरून पाऊस आणि रस्त्यावरून वाहत येणारं तांबडं पाणी असताना तो लांब वाटतो. इथे गाड्यांचा कस लागला. ज्यांच्या सायकलींना डिस्क ब्रेक होते ते निर्धास्त होते. चाकाच्या कडेला रबर घासून थांबणाऱ्या ब्रेकमध्ये मात्र वाळू अडकते आणि रबर एका दिवसात निम्मं होतं. पुण्याच्या एका मुलीचे पुढचे ब्रेक असेच संपत आले, ते टेम्पोतल्या सामानातून तिथेच बदलले. ओल्या टायरला खडे आणि काटे चिकटून राहतात, त्यामुळे पंक्चरही कोरड्या दिवसापेक्षा जास्त होतात. बाभळीचा एक काटा नाशिककरांच्या चाकात असा रुतला होता की तो शोधायलाच वेळ लागला.

ते पंक्चर काढायला आम्ही रस्त्याकडेच्या एका घराच्या पडवीत शिरलो. परवानगी विचारायच्या आधीच आतून आजींचा आवाज आला, "या रं बाबांनो आत. आधी कोरडे व्हा, मग बोला." पडवीत एका बाजूला खताच्या गोण्या, दुसऱ्या बाजूला दोन बैल. आजींनी फडकं दिलं आणि चुलीवर चहा ठेवला. आम्ही हौसेनं पावसात हिंडतोय याचं त्यांना नवल वाटलं नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता: "खाली पाऊस हाये का?" नाही म्हटल्यावर त्या हळहळल्या. त्यांची थोरली लेक संगमनेरकडे दिलेली होती आणि तिच्या बाजरीची त्यांना काळजी होती.

राजूर ही या डोंगरी भागाची बाजारपेठ. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या-वस्त्यांवरून माणसं इथे बाजाराला येतात. दरवर्षी हिवाळ्यात इथे डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. त्या पडवीतले बैलही डांगीच होते, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेले. या जातीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे पावसाचं पाणी अंगावर टिकत नाही; खूर काळे आणि टणक असतात, त्यामुळे चिखलात आणि खडकात ते चालतात. जिथे चार महिने आभाळ उघडत नाही तिथे संकरित गायीचा निभाव लागणं अवघड. संगमनेरच्या गोठ्यातली गाय आणि राजूरच्या गोठ्यातला बैल पाहिला की पावसाच्या आकड्यांची गरज उरत नाही. जेवायला तांदळाची आणि नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि भारंगीची भाजी होती. भारंगी, कुर्डू, चाई या रानभाज्या पावसाच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच मिळतात आणि इथल्या घरांत त्या चवीपालटासाठी नाही, रोजच्या जेवणात खातात.

राजूरच्या पुढे देश बदलतो. बाजरी संपते, सोयाबीन संपतं, मका संपतो. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं सुरू होतात आणि त्यांच्या वर, जिथे पाणी थांबत नाही तिथे, नागली आणि वरई. आणि पाऊस? तो आता पडत नव्हता, होता. समोरचा डोंगर दिसत नव्हता. अरबी समुद्रावरून आलेले ढग कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड या भिंतीला अडतात, वर चढतात, गार होतात आणि तिथेच रिते होतात. १६४६ मीटरचं कळसूबाई हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर याच तालुक्याच्या हद्दीवर आहे. भिंत ओलांडून जो वारा खाली उतरतो तो तापतो आणि कोरडा होतो. सकाळी संगमनेरला आमच्या डोक्यावरून जे ढग पूर्वेला निघाले होते ते असे उरलेसुरले होते.

आवणीचे दिवस होते. अकोल्याच्या पश्चिम भागात भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेणी आणि गवत जमिनीवर पसरून राब भाजायचा, त्यावर पहिल्या पावसात भात पेरायचं, तीन-चार आठवड्यांत रोप वीतभर झालं की ते उपटून जुड्या बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावायचं. हे सगळं पावसाच्या मर्जीवर. रोप तयार आणि पाऊस नाही, तर रोप जून होतं. पाऊस आहे आणि हात नाहीत, तर खाचरातला गाळ बसतो. म्हणून आवणीच्या काळात गावं एकमेकांच्या शेतात सावडीनं राबतात: आज सगळे तुझ्याकडे, उद्या सगळे माझ्याकडे. पैशांचा व्यवहार नसतो, दिवसाला दिवस फेडायचा.

रस्त्याला लागून असलेल्या एका खाचरात दहा-बारा बायका कमरेत वाकून रांगेनं मागे सरकत होत्या. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताची बोटं चिखलात जाऊन दोन-तीन काड्या उभ्या करून परत वर. या हालचालीत एकही क्षण वाया जात नव्हता. पाठीवर प्लास्टिकच्या खोळी होत्या. फक्त एका म्हाताऱ्या मावशींच्या पाठीवर बांबूच्या सांगाड्यावर पानं विणलेलं इरलं होतं. प्लास्टिक हलकं असतं, पण वाकल्यावर वाऱ्यानं उडतं. इरलं जागचं हलत नाही, असं त्यांनी सांगितलं. वरच्या खाचरात एक तरुण पॉवर टिलर चालवत होता, त्याच्या पलीकडे बैलांची चिखलणी चालू होती. दोन्ही एकाच पावसात, एकाच बांधाच्या दोन बाजूंना. कॉलेजच्या मुलींनी विचारलं, आम्ही उतरू का? मावशींनी त्यांना बूट काढायला लावले आणि एकेक जुडी हातात दिली. पाऊण तासात त्यांच्याकडून एक कोपरा लावून झाला. तो पुन्हा नीट करावा लागला नाही हे मी पाहिलं, आणि त्या दिवसातली मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट तीच.

खाचरातलं भात कोणतं, हे विचारलं. बहुतेक ठिकाणी संकरित आणि सुधारित वाण. पण एका बांधाजवळचा तुकडा काळभाताचा होता, घरी खाण्यापुरता. हा जुना, सुगंधी वाण. अशा वाणांचा विषय निघाला की अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांचं नाव येतंच. त्यांचं कोंभाळणे गाव आमच्या वाटेवर नव्हतं. शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी भात, नागली, वाल, घेवडा, भाज्या यांचं गावरान बी घरात जपलं, बाएफ संस्थेच्या मदतीनं बियाणं बँक उभी केली, बचत गटांतून ते बी इतरांना दिलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बीजमाता म्हणून आज सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. या भागातून सायकल चालवताना त्यांच्या कामाचं मोल जास्त कळतं. चार महिन्यांच्या अखंड पावसात, उतारावरच्या पातळ मातीत, कोणत्याही औषधाशिवाय उभं राहणारं बी शेकडो वर्षांच्या निवडीतून तयार झालेलं असतं. ते एकदा गेलं की विकत मिळत नाही.

रंध्याला पोचलो तेव्हा धबधबा दिसायच्या बराच आधी ऐकू आला. प्रवरा इथे खोल घळीत कोसळते आणि काठावर घोरपडादेवीचं देऊळ आहे. कठड्याच्या पलीकडे जाऊन फोटो काढणाऱ्यांमुळे इथे दुर्घटना झाल्या आहेत, म्हणून आम्ही कठड्याच्या अलीकडेच थांबलो आणि फार वेळ न घालवता शेंडीकडे निघालो. धुकं इतकं दाट होतं की पुढच्या सायकलचा लाल दिवा तेवढा दिसत होता.

शेंडी म्हणजे भंडारदरा धरणाचं गाव. धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला दिलं. दगडी बांधकाम, ८२ मीटर उंची, साठा सुमारे ११ टीएमसी. रतनगडाच्या पायथ्याला, अमृतेश्वराच्या हेमाडपंती देवळाच्या बाजूनं, प्रवरा या जलाशयात येते. याच डोंगरांत देवगावच्या राघोजी भांगरे यांनी इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध बंड केलं. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं गेलं. गव्हर्नरचं नाव दिलेल्या भिंतीइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, राघोजींचं नाव इथल्या माणसांच्या तोंडी आहे, आणि ते योग्यच आहे.

धरणाच्या भिंतीजवळ उभं राहून भाऊ बराच वेळ पाण्याकडे बघत होते. त्यांच्या टोमॅटोचं पाणी ते प्रथमच इतक्या जवळून बघत होते. संध्याकाळी मुक्कामाच्या घरी ओले कपडे चुलीवरच्या दोरीला टांगून बसलो तेव्हा यजमानांनी जे सांगितलं ते भाऊंनाच जास्त लागलं. आवणी झाली, पुढे कापणी आणि झोडणी झाली, की दिवाळीनंतर इथली कित्येक कुटुंबं खाली मजुरीला जातात. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेरची बागायत. टोमॅटो बांधायला, कांदा लावायला. कारण जिथे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात. उतार तीव्र, माती पातळ, खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही, पळतं. ते अडवलं जातं धरणात, आणि धरणातलं पाणी उतारानं खाली जातं. वरच्या शेताला ते उचलून घ्यावं लागतं.

खालच्या अंगाला निळवंडे धरण आहे. त्याची कल्पना १९७० ची. डाव्या कालव्याचं लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झालं. ८५ किलोमीटरच्या या कालव्याचा लाभ नगर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या सात तालुक्यांच्या १८२ गावांना व्हायचा आहे. मध्ये अर्ध्या शतकाहून जास्त काळ गेला. आणखी खाली प्रवरासंगमला नदी गोदावरीला मिळते आणि जायकवाडीत जाते. तिथला साठा कमी असेल त्या वर्षी समन्यायी वाटपाच्या नियमानं नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं आणि दर वेळी नगर विरुद्ध मराठवाडा असा वाद पेटतो. या वादात दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळ आहेत. ज्यांच्या छपरावर तो पाऊस पडतो त्या घाटघर-रतनवाडीच्या माणसांचं नाव त्यात कुठेच येत नाही. मला वाटतं, पाणीवाटपाच्या बैठकीत पहिली खुर्ची त्यांची असली पाहिजे, आणि डोंगरउतारावर छोटे बंधारे, शेततळी आणि उपसा योजनांसाठी पहिला पैसाही त्यांच्याकडे गेला पाहिजे. यजमानांशी बोलणं झाल्यावर भाऊंनीही हेच म्हटलं, आणि ते खालच्या बागायतदाराच्या तोंडून आलं याला महत्त्व आहे.

कुणाला ही सायकलफेरी करायची असेल तर आवणीसाठी जुलैचा दुसरा पंधरवडा निवडा. खुरासणीची पिवळी शेतं बघायची असतील तर सप्टेंबरअखेर या. शनिवार-रविवार टाळा, त्या दिवशी भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची कोंडी असते. जलाशयाला वळसा घालणारा घाटघर, साम्रद, रतनवाडीचा चाळीसेक किलोमीटरचा रस्ता दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. ब्रेकचे जादा रबर, दोन ट्यूब, साखळीचं तेल आणि कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. भाताच्या बांधावर सायकल चढवू नका, तो बांध फुटला तर खाचराचं पाणी जातं. मुक्काम गावातल्या घरी करा, आणि परतताना राजूरच्या बाजारातून नागली आणि गावरान तांदूळ पिकवणाऱ्याच्या हातूनच, घासाघीस न करता विकत घ्या.